मिरवायला घड्याळ, मोजायला घड्याळ

रात्री झोपण्यापूर्वी फिटनेस बँड काढून पालथा ठेवला, की त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. दुकानात मात्र आपण त्याची दुसरीच बाजू पाहत असतो. पट्टा चामड्याचा की सिलिकॉनचा, तबकडी गोल की चौकोनी, पैठणीवर शोभेल की ट्रॅकपँटवरच, या चर्चेत तो दिवा कोणाच्या ध्यानातही येत नाही. वास्तविक देखणा बँड घ्यावा की खेळाडूंचा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तो दिवा कातडीला किती घट्ट आणि दिवसातला किती वेळ टेकून राहणार, यावर ठरते.

रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगलाच शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या भरतात, जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित मंदावतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा उजळतो. दिव्याशेजारी बसवलेला संवेदक हा चढउतार टिपतो आणि त्यावरून मिनिटाचे ठोके काढले जातात. हा चढउतार इतका अल्प असतो, की पट्टा सैल राहून बाहेरचा उजेड आत शिरला किंवा बँड कातडीवर सरकू लागला, तर मूळ खूण त्या गोंधळात बुडून जाते.

आमच्या एका मावशींनी नाजूक सोनेरी बँड हौसेने पाटल्या-बांगड्यांच्या मध्ये घातला होता. चहा पीत निवांत बसलेल्या असताना त्याने ठोके १३८ दाखवले आणि घरात धावपळ उडाली. बांगड्या पुढे सारून, बँड मनगटाच्या हाडापासून बोटभर वर चढवून, एक भोक आवळून बांधला, तेव्हा आकडा ७६ वर उतरला. यंत्र बिघडलेले नव्हते, त्याला नीट टेकायला जागा मिळाली नव्हती. ब्रेसलेटसारखे रूप दिलेल्या बँडची अडचण हीच, की दागिना सैल घालण्याची आपली सवय आणि संवेदकाची गरज एकमेकींच्या विरुद्ध जातात.

खेळाडूंसाठीच्या घड्याळाचा रुंद, लवचीक, भोकाभोकांचा पट्टा दिसायला ओबडधोबड असला, तरी घाम आला असतानाही तो जागचा हलत नाही. काहींना बटणे असतात, कारण ओल्या बोटाला स्पर्शपडदा नीट दाद देत नाही. तरीही धावताना मनगटावरचे घड्याळ एका ठिकाणी हमखास फसते. धावपटूची पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात, हात त्याच तालात हलतात आणि त्या हालचालीने कातडीखालचे रक्तही हिंदकळते. मग घड्याळ कधी कधी हृदयाऐवजी पायांचाच ताल धरते आणि ठोके १४५ असताना १७० दाखवते. जलद धाव आणि विसावा असा आलटून-पालटून सराव करणाऱ्याने म्हणूनच छातीचा पट्टा वापरावा, हे माझे स्पष्ट मत आहे. तो प्रकाशावर विसंबत नाही, हृदयाचे विद्युत्-संकेत थेट टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने असा बिनतारी हृदयगतीमापक १९८२ मध्येच बाजारात आणला होता आणि अचूकतेत मनगटावरच्या घड्याळांना त्याची बरोबरी अजून सहज साधत नाही.

केवळ चालणाऱ्यासाठी मात्र एवढी काटेकोर गरज नसते. पावले मोजण्याचे काम त्वरणमापक करतो. त्यात सिलिकॉनची एक अतिसूक्ष्म वस्तू लवचीक आधारांवर तोललेली असते आणि झटक्यासरशी ती हलली की विद्युत्-संकेत बदलतो. खड्ड्यांतून स्कूटर नेली तर चार पावले फुकटची पदरात पडतात, भाजीच्या पिशवीने हात जखडला तर काही हरवतात. पण रोजच्या तुलनेला तेवढी चूक चालते. दहा हजार पावलांचे लक्ष्य तरी कुठे प्रयोगशाळेतून आले? जपानमध्ये १९६५ मध्ये विक्रीस आलेल्या ‘मांपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. २०१९ मध्ये अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात मृत्यूचा धोका पावलांबरोबर घटत गेला आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर तो फारसा कमी होईना.

अशा माणसाने खुशाल देखणा बँड घ्यावा, कारण कार्यालयात किंवा समारंभात लाज वाटून खणात पडलेला बँड काहीच मोजत नाही. कंपन्यांनाही हे लवकर उमगले. २०१४ मध्ये विदिंग्ज कंपनीने काट्यांच्या घड्याळात पाऊलमापक दडवला आणि त्याच वर्षी फिटबिटच्या बँडसाठी टोरी बर्च या फॅशन नाममुद्रेने दागिन्यांसारखी वेष्टने घडवली. अलीकडे निघालेली, बँडसारखीच मोजमाप करणारी अंगठी तर दागिनाही आहे आणि बोटाच्या रक्तवाहिन्यांतून येणारी खूण मनगटापेक्षा ठळक असल्याने झोपेतल्या नोंदींसाठी सोयीचीही. मात्र कणीक मळताना आणि वजने उचलताना ती काढावी लागते.

उष्मांकांचा आकडा दोन्ही प्रकारांत सारखाच दुर्लक्ष करण्याजोगा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ मधील चाचणीत सातपैकी सहा उपकरणांनी हृदयगती पाच टक्क्यांच्या चुकीत मोजली, परंतु उष्मांकांत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. व्यायामानंतर ‘तीनशे उष्मांक जळाले’ म्हणून आणखी एक बटाटेवडा घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विकत घेण्यापूर्वी बँड नीट आवळून बांधावा, दुसऱ्या हाताची दोन बोटे अंगठ्याखालच्या नाडीवर ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत, त्यांची दुप्पट करून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. मग दुकानाचा जिना दोनदा भरभर चढून-उतरून हेच पुन्हा करावे. दुकानदार थोडा वैतागेल, तेवढे सोसावे.