नोंदवहीत नुसतं 'जिल्हा बेळगाव', पण कुठला बेळगाव?

बेळगावच्या मातीत सापडलेल्या जुन्या वस्तू संग्रहालयात बघायच्या तर धारवाडची बस धरावी लागते, हे इथल्या लोकांना नवीन नाही. 1939 मध्ये मुंबई सरकारनं तिथं संशोधन संस्था काढली, पुढं ती तिथल्या विद्यापीठाकडं गेली, आणि मूर्ती, शिलालेख, पोथ्या असं सगळं त्याच छताखाली गोळा होत गेलं. तेव्हा बेळगाव आणि धारवाड दोन्ही मुंबई इलाख्यातच होते, त्यामुळं वस्तू इथनं तिथं गेली तर कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

खरी गुंतागुंत आहे ती 'जिल्हा बेळगाव' या दोन शब्दांत. संग्रहालयाच्या जुन्या नोंदीत बऱ्याचदा गाव-तालुका नसतो, एवढंच असतं. आता 1956 च्या आधीची नोंद असेल तर त्यात चंदगडसुद्धा आला, कारण चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होता, 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं पाडताना तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे एखादा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड) आजच्या हिशोबानं महाराष्ट्रातला असू शकतो आणि पाटीवर मात्र बेळगाव. उलटंही होतं. शहापूर आज बेळगाव शहरातलंच, रेल्वे ओलांडली की आलं, पण ते होतं सांगली संस्थानात, आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. तिथली जुनी वस्तू 'सांगली' किंवा 'कोल्हापूर' नावानं चढली असेल तर ती बेळगावच्या यादीत शोधून सापडणारच नाही. त्यात 2014 ला नाव बेळगावी झालं, नवीन पाट्यांवर ते आलं. माझं म्हणणं एवढंच की नाव कुठलंही लावा, पण मूळ नोंद खोडू नका, शेजारी आजचं गाव आणि तालुका लिहा, आणि एक ओळ मराठीतही असू द्या, कारण ती वस्तू ज्या गावातनं गेली तिथले लोक मराठी वाचतात.

गाव लिहिलेलं असलं की किती फरक पडतो ते बेळगाव जिल्ह्यातल्या हलसी गावच्या, कदंब राजांच्या ताम्रपटांवरनं कळतं. गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर एका विहिरीजवळच्या ढिगाऱ्यात ते सापडले हे नोंदलं गेलं, म्हणून ताम्रपटातली पलाशिका म्हणजे हलसी हे आज ठामपणे सांगता येतं. भाषा संस्कृत आहे, त्यामुळं मराठी की कन्नड हा वाद तिथं लागूच होत नाही.

बेळगाव शहरातल्या वडगाव-माधवपूरचं उत्खनन त्यामानानं अलीकडचं, 1970 च्या दशकातलं, तेही धारवाडच्या विद्यापीठानंच केलेलं. विणकरांच्या घरांखाली सातवाहन काळातलं शहर निघालं. ब्राह्मीत कोरलेला एक दगडी खांब आहे, त्यात यज्ञाचा उल्लेख येतो. वडगावातली किती पोरं तो खांब बघून आलीत?

आणि बेळगावच्या किल्ल्यातल्या जैन बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, 1204 चे दोन शिलालेख तर लंडनच्या संग्रहालयात आहेत. त्यात बेळगावचं नाव वेणुग्राम आहे.