कॅल्शियम सल्फेट (दंतवैद्यकातील अस्थिपूरक)

जबड्याच्या हाडातील पोकळी तात्पुरती भरून तेथे नवे हाड धरावे म्हणून वापरण्यात येणारा पदार्थ. रासायनिक दृष्ट्या हे प्लास्टर ऑफ पॅरिसच होय. मात्र औषधी प्रतीचे, शुद्ध व निर्जंतुक केलेले. दात काढल्यावर उरलेला खळगा, कोष्ठ (द्रवाने भरलेली पिशवीसारखी गाठ) काढलेली जागा आणि हिरड्यांच्या विकारात दातालगत झालेली हाडाची झीज ही त्याच्या वापराची मुख्य स्थाने.

या उपयोगाचे जनकत्व बहुधा ड्रीसमन या जर्मन शल्यचिकित्सकास दिले जाते. १८९२ मध्ये त्याने ५ टक्के कार्बॉलिक आम्लाच्या (फिनॉल या जंतुनाशकाच्या) द्रावात कालवलेले प्लास्टर हाडांच्या पोकळ्यांत भरल्याचे प्रसिद्ध केले. रुग्ण आठ होते. तथापि हे काम बॉन येथील शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग यांच्या रुग्णालयात झाले असल्याने मूळ कल्पना त्यांची असावी, असेही मत आहे व ते अधिक संभाव्य वाटते. डच लष्करी वैद्य मातायसन याने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेली प्लास्टरची पट्टी हा याचा पूर्वेतिहास म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. पण ती अवयवाला बाहेरून आधार देणारी होती. हाडाच्या आत प्लास्टर ठेवणे ही वेगळीच गोष्ट. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील शल्यचिकित्सक पेल्टियर यांच्या अभ्यासामुळे या पदार्थाकडे पुन्हा लक्ष गेले.

जिप्सम (कॅल्शियम सल्फेटाचे जलयुक्त खनिज) तापवले की त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून अर्धजलित चूर्ण, म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिस, उरते. उघड्यावर तापवल्यास बीटा, तर दाबाखाली वाफेत तापवल्यास आल्फा प्रकार मिळतो. आल्फाचे स्फटिक अधिक घट्ट व नियमित असल्याने त्याला कालवण्यास पाणी कमी लागते आणि गोळा मजबूत होतो. १०० ग्रॅम चूर्णाच्या जलसंयोगास (पाण्याशी संयोग पावून पुन्हा जिप्सम होण्यास) सुमारे १८.६ ग्रॅम पाणी पुरते. प्रत्यक्षात त्याहून जास्त घालावे लागते व जादा पाण्याने सच्छिद्रता वाढते. रक्त व लाळेमुळे गोळा नीट घट्ट होत नाही, ही या पद्धतीची जुनी अडचण. पोटॅशियम सल्फेटाच्या द्रावात कालवल्यास तो लवकर घट्ट होतो.

भरलेला पदार्थ काही आठवड्यांतच विरघळतो. हाड तितक्या वेगाने वाढले नाही तर पोकळी पुन्हा उघडी पडते, म्हणून मोठ्या पोकळीत तो दुसऱ्या व्यक्तीने दान केलेल्या हाडाच्या चूर्णात मिसळून वापरतात. त्याच्या थराने हिरडीच्या ऊतीला आत शिरण्यापासून रोखण्याचे कामही होते. तो स्वतः हाड घडवून आणतो की केवळ वाढत्या हाडाला आधार देतो, याविषयी मतभेद आहेत. दुसरा पक्ष सर्वसाधारणपणे ग्राह्य धरला जातो.