तोंडओळख वेगळी, एसटीतली गाठ वेगळी

‘धावपळीत चार अनोळखी माणसांशी बोला, बरं वाटेल’ हा सल्ला हल्ली उठसूट मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. रोज दिसणारा, पण आडनावही ठाऊक नसलेला माणूस ही तोंडओळख. आणि लातूरहून संभाजीनगरला जाताना शेजारच्या सीटवर बसलेला, पुन्हा बहुधा न भेटणारा माणूस ही प्रवासातली गाठ. दोघांशी आपण दोनच मिनिटं बोललो, तरी त्यातून मिळतं ते वेगळं.

तोंडओळखीत बोलण्यासारखं फारसं काही नसतं. टपरीवर गाडी लावेपर्यंत चहावाला विचारतो, “बिनसाखरेचा ना भाऊ?” चार दिवस दिसला नाहीत तर, “गावाकडं गेलता का?” बाकी ऊन, पाऊस आणि नळाला पाणी कधी सुटणार, हा शेवटचा विषय आपल्याकडं बारमाही. पण आपण नसल्याचं कुणाच्या तरी ध्यानात येतं, एवढंही पुष्कळ असतं.

शिवाय अशा माणसाकडून खबर मिळते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली हेच दाखवून दिलं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांची गाठ कधीमधी पडायची. कारण साधं आहे, घरच्यांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. पोराला नीटच्या क्लाससाठी लातूरला ठेवायचंय, तर खोली कुठं रिकामी होणार हे गावातल्या काकाला कुठून कळणार? ते ट्यूशन एरियातल्या झेरॉक्सवाल्याला ठाऊक असतं. मात्र ग्रॅनोव्हेटर यांचं म्हणणं जुजबी का होईना, ओळख असलेल्या माणसांबद्दल आहे. ते अगदी परक्यांना लावणं बरोबर नाही.

परक्यांबद्दलचा पुरावा शिकागोचा आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी तिथल्या लोकल गाड्यांतल्या काही प्रवाशांना अनोळख्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. 2014 साली छापून आलेला निष्कर्ष असा की बोललेल्यांचा प्रवास जास्त मजेत गेला. गंमत म्हणजे दुसऱ्या काही प्रवाशांना नुसतं काय वाटेल ते विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज नेमका उलटा होता.

आपल्या एसटीत मात्र बोलणं समोरूनच सुरू होतं. शेजारची मावशी पिशवीतली बोरं आपल्या हातावर ठेवते, “कुठं चाललाव?” म्हणते, आणि अंबाजोगाई येईपर्यंत सुनेचं बाळंतपण, सोयाबीनचा भाव आणि थोरल्याची दारू असं सगळं सांगून मोकळी होते. भावकीत ती हे बोलणार नाही. आपण तिच्या गावचे नाही, म्हणूनच हे जमतं. टपरीवर असलं बोलायची सोय नाही, संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल.

घाईच्या दिवसात जास्त जपावी ती तोंडओळखच, असं मला वाटतं. तिला वेगळा वेळ लागत नाही, पण आधी तीच जाते. क्यूआर स्कॅन केला की पैसे आल्याचं गल्ल्यावरचा डबा बोलतो, आणि गिऱ्हाईक मान वर न करता निघून जातं. प्रवासातल्या गप्पांना सवड लागते, मनःस्थितीही लागते. समोरचा ‘हं’ म्हणून खिडकीबाहेर बघायला लागला तर गप्प बसावं. एकट्या बाईच्या मागं तर लागूच नये.

आणि आपल्याकडची एक खोड. “कोणत्या गावचे?” इथवर ठीक. त्याच्या पाठोपाठ “आडनाव काय?” येतं, तेव्हा समोरच्याला कळतं की आपली जात काढणं चाललंय. मग तो पुढच्या स्टॉपपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो.