एक म्हैस की दोन: माळव्यातील दुभत्या जनावरांच्या कर्जाची पार्श्वभूमी

इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत पशुपालनातून उत्पन्न वाढवण्याचा विषय निघाला की बोलणे लवकरच कर्ज आणि अनुदानावर येते. या बोलण्यामागे 1980च्या दशकातला एक वाद आहे: गरीब कुटुंबाला सरकारी योजनेतून एकच दुभते जनावर द्यावे की दोन.

त्यापूर्वी माळव्यात गाय पाळली जाई ती प्रामुख्याने बैलासाठी. काळ्या जमिनीत नांगर आणि गाडी ओढणारा माळवी बैल नावाजलेला होता, तर शेणाचे मोल इतके की 1924 ते 1931 या काळात इंदुरातच शेण, गोमूत्र आणि काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध स्वरूपात आकाराला आली आणि शहराच्या नावाने जगभर ओळखली गेली.

गरीब कुटुंबांना अनुदान आणि कर्जातून उत्पन्नाचे साधन देणारा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम 1978-79मध्ये निवडक विकासखंडांत (गावांच्या प्रशासकीय गटांत) सुरू झाला आणि 2 ऑक्टोबर 1980पासून देशभर लागू झाला. लहान शेतकऱ्याला खर्चाच्या 25 टक्के, अत्यल्पभूधारक व मजुराला एक तृतीयांश आणि आदिवासी कुटुंबाला 50 टक्के अनुदान मिळे. उरलेली रक्कम बँकेचे कर्ज असे. प्रत्येक विकासखंडात वर्षाला 600 कुटुंबांचे लक्ष्य होते, आणि ते गाठण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुभते जनावर. वैरण, दवाखाना आणि दूधसंकलन यांची सोय गावात आहे का, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

खरा वाद जनावरांच्या संख्येचा होता. म्हैस साधारण 10 महिने दूध देते आणि दोन वेतांमधले अंतर अनेकदा 15 महिन्यांच्या पुढे जाते. म्हणजे पाच महिने किंवा त्याहून अधिक काळ ती भाकड असते, मात्र पेंड, भुसा आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणूनच पहिले जनावर घेतल्यावर सुमारे सहा महिन्यांनी दुसरे द्यावे, म्हणजे एक आटेपर्यंत दुसरे दुधात येईल, असा विचार मांडला गेला होता. प्रत्यक्षात दुसऱ्या जनावराची रक्कम पुष्कळदा मिळालीच नाही. भाकड म्हैस विकून हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला ‘लाभार्थीने मालमत्ता मोडली’ असा ठपका बसला, तो अन्यायाचा होता, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. एकाच जनावरावर बारमाही उत्पन्नाची अपेक्षा ठेवण्याची चूक योजनेची होती. जनावर दगावले तर विम्यासाठी कानातला बिल्ला दाखवावा लागे, आणि तो चरताना झुडपात अडकून तुटला असेल तर दावा नामंजूर होऊन कर्ज तसेच राही.

1 एप्रिल 1999 रोजी हा कार्यक्रम बचत गटांवर आधारलेल्या नव्या योजनेत विलीन झाला, आणि 2011नंतर महिलांच्या गटांना अधिक बळ मिळाले. गटाच्या अंतर्गत कर्जातून भाकड महिन्यांची वैरण भागवता येऊ लागली, हा बदल अनुदानाच्या टक्केवारीपेक्षा मोठा आहे.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्याच्या कडकनाथ कोंबडीला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा उत्पन्न नसलेल्या महिन्यांचा खर्च कसा भागवायचा, हाच प्रश्न भिल्ल कुटुंबांसमोर नव्या रूपात आला. हा पक्षी सावकाश वाढतो, विक्रीयोग्य व्हायला त्याला पाचएक महिने लागतात, आणि तोवर दाणा, लस व पिंजऱ्याचा खर्च घरातूनच करावा लागतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालनापर्यंत नेण्याची घोषणा 2018-19च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि जनावर पोसण्याच्या चालू खर्चासाठीही कर्ज मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली.