जखडलेला उंदीर आणि हिस्टामीन

अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि आंबट ढेकर आले तरी दोष पित्तालाच देतो. या दोन्ही तक्रारींत हिस्टामीन या एकाच रेणूचा हात असू शकतो: त्वचेत तो सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू देऊन सूज व खाज आणतो, तर जठरात आम्लाचा स्राव वाढवतो.

हिस्टामीनचा मोठा साठा रोगप्रतिकारात भाग घेणाऱ्या मास्ट पेशींमधील बारीक कणिकांत असतो. या पेशींना पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये नाव दिले. त्यांच्यात हिस्टामीन असते हे मात्र रायली आणि वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखवले. अ‍ॅलर्जीत परागकणांसारखा परका पदार्थ या कणिका रित्या करतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु असा कोणताही पदार्थ नसताना केवळ शारीरिक ताणाने त्या रित्या होतात का?

बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील थिओहारिदिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचे उत्तर देतो. त्यांनी उंदरांना ३० मिनिटे हालचाल करता येणार नाही असे अडकवून ठेवले. त्यांना इजा केली नव्हती, तरीही मेंदूभोवतीच्या जाड आवरणातील मास्ट पेशींनी आपल्या कणिका मोठ्या प्रमाणावर बाहेर टाकल्याचे आढळले. ताणाच्या वेळी मेंदूतून स्रवणाऱ्या सीआरएच या संप्रेरकाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये आधी टोचली असता मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्या संप्रेरकामुळे पुढे दाह शमवणारी स्टेरॉइड्स शरीरात तयार होतात, तेच मास्ट पेशींना चेतवून दाहाला वाटही करून देते. मला या संशोधनातील हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

त्याच गटाच्या २००१ मधील प्रयोगात अडकवून ठेवलेल्या प्राण्यांच्या रक्तातील, एरवी मेंदूत सहसा न शिरणारे किरणोत्सारी खूणद्रव्य मेंदूच्या काही भागांत झिरपले. जन्मतःच मास्ट पेशी नसलेल्या छोट्या उंदरांत मात्र ही झिरप वाढली नाही. एरवी कणिका रित्या होणे हा ताणाचा निव्वळ सोबती असू शकेल, अशी शंका घेता आली असती. ती या उंदरांमुळे बरीचशी दूर होते.

जठराची कथा याहून जुनी आहे. थंडीत जखडून ठेवलेल्या उंदरांच्या जठरात काही तासांतच व्रण पडतात आणि जठरातील हिस्टामीनचे ग्राहक (पेशींवरील ज्या जागी चिकटून ते आपला परिणाम घडवते त्या जागा) अडवणारे सिमेटिडीनसारखे औषध दिल्यास ते कमी होतात.

असे प्रयोग वाचताना एक पथ्य पाळावे लागते. उंदराला पिंजऱ्यातून उचलणे आणि सुई टोचणे हाही त्याच्या दृष्टीने ताणच असतो. म्हणून तुलनेसाठी ठेवलेल्या प्राण्यांना हाताळणीची सवय आधीपासून लावावी लागते. तसे केले नसेल, तर मोजलेले हिस्टामीन जखडण्यामुळे वाढले की संशोधकाच्या हातामुळे, हे सांगता येत नाही.