लाखोळीत विष आहे, पण कधी?

सुपरफूडच्या याद्यांत नाचणी, वरी, राजगिरा झाडून येतात. लाखोळीला तिथं कुणी घेत नाही. पूर्व विदर्भात मात्र ही डाळ पिढ्यानपिढ्या पिकते. कापणीआधी बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल ओला असतानाच उभ्या धानात बी फोकायचं. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी देणं नाही. धान निघतं तोवर खाली लाखोळी उगवलेली असते आणि उरलेल्या ओलीवर पिकते. प्रथिनं २५ टक्क्यांहून जास्त. तरीही १९६१ साली अन्नभेसळ कायद्याखाली तिच्या विक्रीवर बंदी आली.

कारण बीटा-ओडॅप नावाचं अमिनो आम्ल. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो बहुतेकदा ग्लुटामेट या रेणूमार्फत. पुढच्या पेशीवरच्या ग्राहीवर ग्लुटामेट बसला की मार्ग उघडतो, आयन आत शिरतात, पेशी चेतते. मग ग्लुटामेट लगेच उचलला जातो. ओडॅपची ठेवण ग्लुटामेटशी मिळतीजुळती. तो ग्लुटामेटच्याच अँपा प्रकारच्या ग्राहींवर बसतो आणि पेशी चेतत राहते. कॅल्शियम आत साचतं, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम कोलमडतं, पेशी मरते. पायांच्या हालचाली चालवणाऱ्या चेतापेशी आधी जातात. पाय ताठरतात, गुडघे एकमेकांवर येतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. हा लॅथिरिझम, तो बरा होत नाही.

पण कधीमधी केलेल्या लाखोळीच्या वरणानं तो होत नाही. रोजच्या आहाराचा साधारण तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोळीच, तीही काही महिने लागोपाठ, असं झालं की धोका. मध्य प्रदेशात रेवा भागातल्या वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळे. इथिओपियातल्या साथी दुष्काळाच्या. पाऊस दगा देतो तेव्हा बाकीची पिकं जातात, चिवट लाखोळी उरते आणि पोट तिच्यावरच भरावं लागतं; त्यात पाण्याचा ताण पडला की दाण्यातला ओडॅपही वाढतो. ‘आमच्या आज्याला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांचा आजा सोबत भातही खात होता.

ओडॅप पाण्यात विरघळतो. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की बराचसा निघून जातो. ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ या वाणांत तो मुळातच ०.१ टक्क्याहून कमी आहे. अडचण मधमाश्यांची. शेजारच्या गावरान लाखोळीचे पराग त्या या वाणांवर आणतात आणि घरचं बी धरत गेलं की भेसळ वाढत जाते. दाणा बघून ती ओळखता येत नाही, त्यामुळे दर काही वर्षांनी शुद्ध बियाणं गावात पोचायलाच हवं.