ताणाकडची शेवटची फळी: ग्लुलॅम तुळईला लाकडानेच बळ देण्यामागचा इतिहास

फळ्या जोडून मोठा गाळा झाकण्याची युक्ती सोळाव्या शतकापासून फ्रान्समध्ये ग्रंथबद्ध आहे. खिळे-बोल्टांऐवजी गोंदावर विसंबणारी, एकावर एक फळ्या चिकटवून केलेली आजची ग्लुलॅम तुळई मात्र १९०६ च्या जर्मन पेटंटपासून मोजतात. तिला बळकटी द्यायचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९६० नंतर.

त्या काळात अमेरिकेत पूर्ण आकाराच्या तुळया मोडून पाहिल्या गेल्या. लहान नमुन्यांवरून बांधलेल्या अंदाजांपेक्षा मोठ्या तुळया कमी भार घेत होत्या, आणि बहुतेक वेळा तडा सुरू होई तो खालच्या, ताणाकडच्या शेवटच्या फळीत: एखाद्या गाठीपाशी किंवा फिंगर जॉइंटपाशी, म्हणजे दोन फळ्यांची टोके बोटांसारख्या दात्यांनी एकमेकांत गुंतवून चिकटवलेल्या सांध्यापाशी. थोडक्यात, अख्खी तुळई एका फळीतल्या एका दोषाच्या हवाली होती. त्यावर पहिला उपाय झाला निवडीचा. शेवटच्या फळीसाठी गाठींचे वेगळे, कडक निकष आले.

दुसरा उपाय परक्या पदार्थांचा होता. १९६० च्या दशकात पोलादी पट्ट्या नि सळ्या, तर १९८० च्या अखेरीपासून काच, कार्बन आणि अ‍ॅरामिड तंतूंच्या पट्ट्या वापरून पाहिल्या गेल्या. प्रयोगशाळेत आकडे उत्तम आले. पण लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते-आकसते, पोलाद नाही. त्यामुळे दोघांमधल्या गोंदाच्या थरावर वर्षानुवर्षे ताण येत राहतो. सामान्य तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सी शंभर अंशांच्या बऱ्याच आत मऊ पडू लागते, म्हणून आगीच्या हिशेबात ती पट्टी धरायची कशी हाही प्रश्न होता. शिवाय अशी तुळई कारखान्यातल्या नेहमीच्या रंध्यातून काढता येत नाही.

एलव्हीएलने, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे (व्हिनियर) एकाच दिशेने चिकटवून केलेल्या लाकडाने, हा पेच सोडवला, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते व्यापारी प्रमाणात मिळू लागले. सुमारे ३ मिमीच्या व्हिनियरचे बारा-पंधरा थर एका फळीत असले की एका थरातली गाठ शेजारच्या थरांच्या निर्दोष लाकडात झाकली जाते. व्हिनियरचे सांधे पुढे-मागे ठेवल्याने सलग लांब फळी मिळते आणि तिच्यात फिंगर जॉइंट लागत नाही. गोंद तोच, रंधा तोच, ओलाव्याचे वागणे जवळपास तेच.

एलव्हीएलने तुळई पुष्कळ ताठर होते, हा गैरसमज वारंवार दिसतो. स्प्रूसचा लवचिकता गुणांक साधारण ११.५ आणि त्याच जातीच्या एलव्हीएलचा १३.८ गिगापास्कल धरला, तर तुळईची खालची दहा टक्के उंची एलव्हीएलची केल्याने ताठरपणा जेमतेम ५ टक्के वाढतो. झोळ कमी करायचा असेल तर हा मार्ग तोकडाच. लाभ आहे तो ताकदीत, आणि तोही सरासरीपेक्षा तळाच्या आकड्यात. शंभरातल्या सर्वांत दुबळ्या पाच तुळया कुठे मोडतात यावर संकल्पनाचा (डिझाइनचा) आकडा ठरतो, आणि एलव्हीएल नेमक्या त्याच तुळयांना वर उचलते.

एवढे असूनही मानकांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. अमेरिकन मानकाने एलव्हीएलची फळी ग्लुलॅममध्ये वापरण्याला वाट दिली. ताणाकडे एलव्हीएल असलेल्या तुळया तिथे ३०एफ श्रेणीत, म्हणजे ३,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) अनुज्ञेय वाकताणाने विकल्या जातात. नेहमीची श्रेणी २४एफ. युरोपीय मानकाने २०१३ च्या आवृत्तीतही ग्लुलॅमची व्याख्या सूचिपर्णी लाकूड आणि पॉप्लर यांच्या फळ्यांपुरतीच ठेवली. एलव्हीएलची फळी लावली की तीच तुळई त्या व्याख्येबाहेर जाते आणि उत्पादकाला वेगळी तांत्रिक मंजुरी घ्यावी लागते.

युरोपच्या बाजूने एक मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही: खालची फळी भक्कम झाली की तिच्या लगतच्या साध्या फळीवर, म्हणजे पुन्हा गाठी आणि फिंगर जॉइंटवर, पाळी येते. मग ताकद कोणत्या थरावर मोजायची? पण वेगवेगळ्या प्रतीच्या फळ्यांची ‘संमिश्र’ ग्लुलॅम हेच मानक मान्य करते, आणि तिथेही आतल्या थराचा प्रश्न असतोच. तो तिथे तपासून सोडवला जातो. एलव्हीएलला त्याच चौकटीत बसवता आले असते. बीच या पानझडी झाडाच्या लाकडाचे एलव्हीएल २०१० च्या दशकात बाजारात आल्यावर तर ही ताटातूट अधिकच खटकते. त्यापासून बनणाऱ्या तुळयांची वैशिष्ट्यपूर्ण (म्हणजे वर सांगितलेल्या तळाच्या पाच टक्क्यांवरून ठरणारी) वाकताकद ७५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या घरात आहे. जीएल२४ या नेहमीच्या ग्लुलॅम श्रेणीची २४.

तंतूंना आडव्या ताणाची गोष्ट वेगळी. तिथे ग्लुलॅमची मान्य ताकद ०.५ न्यूटन प्रति चौरस मिमी एवढीच, म्हणून टोकाची खाच किंवा पाइपासाठी पाडलेले भोक तुळई चिरते. दोन्ही अंगांना प्लायवूड चिकटवणे हा जुना इलाज. आज लांब स्क्रूंनी त्याची बरीच जागा घेतली आहे, कारण साइटवर गोंदासाठी लागणारा दाब आणि स्वच्छता सांभाळणे अवघड असते.

अलीकडची धारा दाबून घट्ट केलेल्या लाकडाची. जपानमध्ये सुगी (जपानी सिडार) लाकडाच्या ग्लुलॅममध्ये त्याच्या पट्ट्या बसवून प्रयोग झाले. ब्रिटनमध्ये उलटा विचार झाला: दाबलेले लाकूड ओलाव्याने पुन्हा फुगते हा दोष मानण्याऐवजी त्याचे ठोकळे तुळईच्या वरच्या भागातल्या खाचांत बसवले, आणि त्यांच्या फुगण्याने तुळईला आधीच वरच्या दिशेने बाक आणला. २०१८ मध्ये अमेरिकेत लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य) काही अंशी काढून मग गरम दाबाखाली लाकूड घट्ट करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. मूळ लाकडाच्या दहापटीहून अधिक ताकद तिने दाखवली. तुळईच्या फळीत तिचा उपयोग करायचा तर ओलावा बदलत असताना तो घट्टपणा किती टिकतो, हे दीर्घ भाराखाली दाखवावे लागेल.